आपल्या दोघींत

दार न वाजवताच वर्गशिक्षिका ताईंच्या खोलीत आली आणि खडूने माखलेले हात झटकत मुलांसाठी ठेवलेल्या खुर्चीत बसली.

"तुझ्या त्या पोरीचं काम फत्ते केलं," ती म्हणाली. "आता कुणी छळणार नाही तिला. सरळ वर्गालाच सांगून टाकलं."

ताईंनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. "काय सांगितलंस?"

"हेच, की तिचे वडील घर सोडून गेलेत, तिला जरा सांभाळून घ्या. ती तेव्हा पाणी प्यायला गेली होती हं, तेवढी अक्कल आहे मला. अगं, पोरं इतकी हळवी झाली! एकीने तर स्वतःची खिडकीजवळची जागा दिली तिला."

ताई म्हणजे शाळेच्या समुपदेशिका. व्हरांड्यात एखादं मूल समोरून आलं, तर त्या आपण होऊन हसतही नसत. हे ताईंकडे जातं, असं कुणाला कळायला नको. नववीतली ही मुलगी कितीतरी आठवडे इकडचं तिकडचं बोलली आणि मग कुठे तिने वडिलांचा विषय काढला होता. वर्गशिक्षिकेला ताई एवढंच सांगणार होत्या, की तिचा गृहपाठ राहिला तर ओरडू नकोस. पण ही पडली कॉलेजपासूनची मैत्रीण. 'मलासुद्धा नाही सांगणार? मी काय परकी आहे?' म्हणून रुसली आणि ताईंच्या तोंडून एक वाक्य जास्तीचं गेलं.

"मी तुला विश्वासाने सांगितलं होतं," ताई म्हणाल्या.

"मग मी काय चव्हाट्यावर मांडलं? वर्गच आहे तो आपला." मैत्रिणीला खरंच लागलं. "चांगलं करायला जावं, तर तूच डोळे वटारतेस."

ताईंना तिचा भयंकर राग आला. जिच्यावर आपण डोळे झाकून विसंबलो, तिने असा दगा द्यावा आणि वर शाबासकी मागावी! बरं, तिच्या मनात काळंबेरं काही नव्हतं, म्हणून धड भांडताही येईना. तास संपल्याची घंटा झाली तशी मैत्रीण फुरंगटून निघून गेली.

मुलगी आता फिरकणार नाही, असं ताई धरून चालल्या होत्या. पण ती नेहमीच्या वेळेला आली, वेणी नीट घालून, आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसली.

"माझं चुकलं," ताई म्हणाल्या. "मी बाईंना सांगायला नको होतं."

"असू दे, ताई." पाहुण्याच्या हातून कप फुटल्यावर म्हणावं, तसं ती म्हणाली. "मी एक सांगायला आलेय. बाबा कामासाठी गेलेत. लांबचं काम आहे, वेळ लागेल. आईला रोज फोन करतात."

याच खुर्चीत बसून तिने सांगितलं होतं, की बाबांनी नंबर बदललाय. तेव्हा ती हुंदके देत होती. आज तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

"बरं," ताई म्हणाल्या. पुढचे शब्द सवयीने आले. "हे आपल्या दोघींतच राहील."

मुलगी उठली, दप्तर खांद्याला लावलं.

"नको," ती म्हणाली. "हे बाईंना सांगा. म्हणजे वर्गात कळेल."