दोन ओळी

घरातला राउटर जुना झाला होता, कंपनीने त्याच्याकडे केव्हाच पाठ फिरवली होती. पण दादा तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडून निवृत्त झालेला. धाकट्या भावाच्या घरात मागची खोली त्याची. तो म्हणाला, "फेकू नका. राउटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, जगभरच्या हौशी लोकांनी लिहिलेलं फुकट मिळतं, ते घालतो."

खरी तळमळ वेगळीच होती. बहीण दूरदेशी अंथरुणाला खिळलेली. व्हिडिओ कॉल लावला की चित्र गोठायचं, आवाज तुटायचा. "तुझा अर्धाच चेहरा दिसतो रे," म्हणत तिने हळूहळू फोन करणंच सोडलं. "तुझा फोनच जुना झालाय, दादा," असं भावाने सांगितल्यावर दादाने नवा घेतला. तरी रडगाणं तेच.

रविवारी सकाळी भावाने राउटरचा पासवर्ड दिला आणि मंडळी बाहेर गेली. जुन्या सेटिंग्ज वहीत उतरवत दादा एकेक पान पाहत गेला. कुठल्या फोनला नेटचा किती वेग द्यायचा, त्या वेगमर्यादेच्या पानावर दोनच ओळी होत्या. 'दादा जुना', 'दादा नवा'. दोन्हींपुढे वेग गोगलगायीचा.

त्याने वही मिटली. नवं फर्मवेअर चढवलं, त्यात त्या दोन ओळीही पुसल्या गेल्या; दिवे स्थिर होईपर्यंत राउटरपासून हलला नाही. कामात त्याने कधी कुचराई केली नव्हती.

दुपारी भाऊ आल्यावर त्याने सरळच विचारलं.

"अरे, पोरीची परीक्षा होती तेव्हाचं ते," भाऊ चपला काढता काढता म्हणाला. "काढायचं राहून गेलं."

"नवा फोन मी परीक्षेनंतर घेतला. त्याची ओळ आपोआप उगवली?"

भावजय स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुमचं काय अडतं, दादा? आमची सगळी कामं नेटवर असतात."

दादा खोलीत गेला, बहिणीला फोन लावला. भाच्याने उचलला. "मामा, आई आता बोलत नाही. माणसंही ओळखत नाही."

चित्र इतकं स्वच्छ होतं, की तिच्या ओठांवरच्या भेगाही दिसत होत्या. दादा तिला लहानपणीच्या नावाने हाका मारत राहिला. ती छताकडे बघत राहिली.

बाहेर पुतणी ओरडली, "बाबा, नेट काय पळतंय!"

पुढच्याच महिन्यात दादाने गावाच्या दुसऱ्या टोकाला एक खोली भाड्याने घेतली. लोकांनी विचारलं, तर भाऊ सांगायचा, "म्हातारपणी माणूस हट्टी होतो."