मेलेला माणूस हात दाबत नाही

अजगर पैलवान रिंगमध्ये मेला की बघणाऱ्याने आधी स्वतःची नाडी तपासावी, असं कुस्तीच्या धंद्यात म्हणत. एकदा तर त्याचं मरण पाहून रुग्णवाहिकेचा ड्रायव्हरच बेशुद्ध पडला. अजगर स्ट्रेचरवरून उठला, त्याने ड्रायव्हरला स्ट्रेचरवर घातलं, गाडी स्वतः चालवत दवाखान्यात नेली आणि वाटेत हौसेने सायरनही वाजवला. या गोष्टीला पुरावा नाही, कारण साक्षीदार एकच होता आणि तो बेशुद्ध होता.

धंदा ठरवून केलेल्या कुस्तीचा. कोण जिंकणार, कोण हरणार हे आधी ठरलेलं. पण पडणं खरं, घाम खरा आणि प्रेक्षकांचा राग तर शंभर नंबरी. त्या रागावर अजगराने तीस वर्षं घर चालवलं. तो खलनायक. रिंगमध्ये पाऊल टाकलं की लोक चपला फेकत. त्याच्या घरी चपलांना कधी तोटा पडला नाही, फक्त जोड जुळवताना बायको मेटाकुटीला येई.

मग एका सकाळी पेपरात मथळा आला, ‘पिंजऱ्याने रिंग गिळली.’ म्हाताऱ्या शेठने कुस्तीची कंपनी विकली होती, आणि घेतली होती कुणी, तर मिश्र मार्शल आर्ट्सवाल्यांनी. म्हणजे लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात कोंडून घेऊन एकमेकांची हाडं खरोखर मऊ करणाऱ्यांनी. त्यांच्यात काही ठरलेलं नसतं. नाक फुटलं तर फुटलं. आता दोन्ही मिळून एक कंपनी, एक ॲप, एक तिकीट. टीव्हीवर दोन्ही मालक हात मिळवताना दिसले. इकडे कुस्तीवाल्यांच्या कपडे बदलायच्या खोलीत जो तो दुसऱ्याकडे बघून मनात म्हणत होता, आधी हा जाईल, मग मी.

नव्या मालकांनी कारभार बघायला एक बाई पाठवली. सगळे तिला नुसतं ‘बाई’ म्हणत. पूर्वी ती स्वतः पिंजऱ्यात लढलेली. एक कान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा आणि बोलणं कात्रीसारखं. तिने अजगराला समोर बसवलं.

“तुमचं वय झालं.”

“सगळ्यांचंच होतं. मी जरा आधी सुरू केलं.”

“एक शेवटची कुस्ती देते. दोन्ही कंपन्यांचा पहिला एकत्र कार्यक्रम आहे, चॅनलवाले पहिल्या रांगेत बसणार. समोर कोण हवाय?”

“भोवरा.”

“तो? त्याला कुत्रं ओळखत नाही. त्याला तर मी काढणारच आहे.”

“त्या संध्याकाळनंतर काढा. काढता आला तर.”

बाईने त्याला वरपासून खालपर्यंत मापलं. “ठीक आहे. लोक त्याच्यासाठी उभे राहिले तर तो राहील. नाही राहिले तर बॅग भरेल.”

या धंद्यात एक जुनी रीत आहे. जाणाऱ्याने पाठीवर पडून जायचं. कमावलेलं नाव घरी नेऊन त्याचं लोणचं घालता येत नाही. ते एखाद्या तरण्याच्या अंगावर टाकायचं आणि मोकळं व्हायचं. अजगराला ते भोवऱ्याच्याच अंगावर टाकायचं होतं, आणि त्याचं कारण बाईला ठाऊक नव्हतं. भोवरा त्याचा जावई होता.

हे जगातही कुणाला ठाऊक नव्हतं. नायक आणि खलनायक एका टेबलावर चहा पिताना दिसले तर तिकीट कोण काढणार? म्हणून लग्नाच्या फोटोत सासरा पाठमोरा उभा आहे. म्हणून जावई सासुरवाडीला यायचा तो मागच्या भिंतीवरून. शेजाऱ्यांनी दोनदा त्याच्यावर कुत्रा सोडला. पुढे कुत्र्याची आणि त्याची इतकी ओळख झाली की तो आला नाही तर कुत्रा जेवेना. म्हणजे कुत्रं त्याला ओळखत नाही हे बाईचं म्हणणंही खरं नव्हतं. मुलगी मात्र उजळ माथ्याने दोघांच्या मध्ये बसायची, कारण ती कंपनीत घंटा वाजवायच्या कामाला होती.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी जावई सासऱ्याच्या खोलीत आला तो टॉवेलांच्या ढकलगाडीत, टॉवेलांच्या खाली. गाडी ढकलत आणली मुलीने.

“मामा, पाय कापतायत माझे,” टॉवेलांतून डोकं काढून जावई म्हणाला.

“कापू देत. लोकांना वाटेल नाचतोयस.”

“बाबा, चेष्टा पुरे,” मुलगी म्हणाली. “पंच नवीन आहे. पिंजऱ्यातला.”

दोन्ही कंपन्यांची दिलजमाई दिसावी म्हणून बाईनेच ही टूम काढली होती. पंचाला सगळे फूटपट्टी म्हणत. माणूस इतका सरळ की तो भिंतीला टेकून उभा राहिला तर गवंडी भिंत पाडून पुन्हा बांधायला घेत. पिंजऱ्यात त्याचं काम एकच. पडलेला माणूस स्वतःला वाचवेनासा झाला की मध्ये उडी मारायची आणि लढत थांबवायची. त्या एका सवयीवर त्याने कितीतरी जणांचे जीव वाचवले होते.

“त्याला सगळं समजावलंय मी,” मुलगी म्हणाली. “अर्धा तास चालणार, शेवटी भोवरा तुमचे खांदे टेकवणार, पंच तीन मोजणार की संपलं. आणि तुम्ही पडलात की तो तुमचा हात धरेल. तुम्ही दोनदा दाबायचा, म्हणजे त्याला कळेल की ठीक आहात. विसरू नका.”

“मी नाही दाबत.”

“बाबा.”

“अगं, मेलेला माणूस हात दाबतो का कधी? शेवटची कुस्ती माझी. मरायचं तर नखाच्या टोकापर्यंत मरायचं.”

“इतके दिवस दाबायचात ना?”

“जुन्या पंचाचा दाबायचो. तो गुदगुल्या करायचा म्हणून.”

मुलीने जावयाकडे पाहिलं. जावई पुन्हा टॉवेलांत शिरला.

सभागृह गच्च भरलं होतं. पिंजऱ्यातल्या लढती होऊन गेल्या होत्या, एकाचा दात पहिल्या रांगेत चॅनलवाल्या साहेबाच्या कॉफीत पडला होता आणि साहेब खूश होते. मग अजगर आला आणि चपलांचा पाऊस पडला. त्याने एक उचलून नंबर पाहिला, “लहान होते,” म्हणाला आणि परत फेकली. लोक पेटले. भोवरा आला, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण पाहुणा आलाय म्हणून वाजवतात तशा.

घंटा झाली. अजगराने जावयाचा कान पिळला, दोरांवर आपटला, पाठीवर पाय देऊन आळस दिला. लोक हळूहळू पोराच्या बाजूला सरकत होते. आणि मग भोवरा गर्रकन फिरला, त्याची लाथ अजगराच्या छातीपासून वीतभर लांबून गेली आणि अजगर पडला.

ठरल्याप्रमाणे हे नुसतं पहिलं पडणं होतं. पंच मोजत असताना उठायचं आणि पुढे चालू. पण अजगराला शेवटच्या दिवसाचा कैफ चढला. तो हवेतच आडवा झाला, पाठीवर आदळला, एक पाय थरथरला, डोळ्यांची बुबुळं कपाळात गेली. असं म्हणतात की वरच्या दिव्याभोवती फिरणारा पतंगसुद्धा त्या वेळी दोन मिनिटं शांत राहिला.

फूटपट्टीने गुडघ्यावर बसून त्याचा हात धरला. वाट पाहिली. हात लाकडासारखा. त्याने पुन्हा दाबून पाहिला. काही नाही.

आणि जन्मभराची सवय ती. फूटपट्टीने अजगराच्या अंगावर आडवं पडून भोवऱ्याला दूर ढकललं आणि दोन्ही हात हवेत हलवले. लढत बंद. पंचाचा इशारा झाला की घंटा वाजवायचीच, हा नियम. मुलीने ओठ चावला आणि घंटा वाजवली.

अर्ध्या तासाची कुस्ती चहाला उकळी फुटायच्या आत संपली.

डोळे मिटून पडलेल्या अजगराला आधी शांतता ऐकू आली, मग कुजबुज, मग वरच्या रांगेतून एक आवाज, “एवढंच? म्हाताऱ्याला चक्कर आली आणि हा जिंकला होय?” मग हसणं. अजगराने पापणीच्या फटीतून पाहिलं. फूटपट्टीने भोवऱ्याचा हात उंच धरला होता आणि जावयाचा चेहरा चोरीचा नारळ हातात सापडल्यासारखा झाला होता. पहिल्या रांगेत बाईने हाताची घडी घातली होती.

तेवढ्यात डॉक्टर आले, स्ट्रेचर आलं. अजगर पडल्या पडल्या विचार करू लागला. उठून बसावं तर धडधाकट माणसासाठी लढत थांबवली म्हणून दोन्ही कंपन्यांचं हसं. पडून राहावं तर जावई जन्मभर चक्करवाला भोवरा म्हणून ओळखला जाणार, आणि कंपनीत राहणार तो फक्त उद्या सकाळपर्यंत. चूक फूटपट्टीची नव्हती. हात कुणी दाबला नाही, ते अजगराला पक्कं ठाऊक होतं. पण तीस वर्षं ज्याने लोकांच्या शिव्या पचवल्या, त्याला स्वतःची एक चूक पचवायला कितीसा वेळ लागणार. स्ट्रेचर निम्म्या वाटेवर येईपर्यंत त्याने ती पचवली होती.

तो स्ट्रेचरवर उठून बसला आणि हसायला लागला.

पुढच्या हमालाने घाबरून दांडा सोडला. अजगर घसरत उतरला, निवेदकाच्या हातातला माइक घेतला आणि शांतपणे म्हणाला, “काय, झालं का बघून? जा आता घरी.”

दाराकडे निघालेले लोक जागीच वळले.

“माझे खांदे टेकले का? नाही. पोराने मला हरवलं का? नाही. उद्या पेपरात काय येणार? म्हाताऱ्याला चक्कर आली. आणि या पोराचं नाव कुणाच्या लक्षात राहणार? कुणाच्याच नाही.” मग त्याने रिंगकडे बोट केलं. “या पंचाला मी विकत घेतला होता. शाबास रे माझ्या वाघा. पेढा हातावर ठेवावा इतकं गोड काम केलंस.”

फूटपट्टी कानापर्यंत लाल झाला. त्याने आयुष्यात कधी सिग्नल तोडला नव्हता. “खोटं आहे हे,” तो ओरडला. “मी एक पैसा घेतलेला नाही.”

आता, जगातला प्रत्येक चोर नेमकं हेच म्हणतो. सभागृह असं उसळलं की छताचे पत्रे वाजले. चोर, लबाड, विकाऊ. ज्यांनी अजगरासाठी चपला आणल्या होत्या त्यांनी उरलेल्या फूटपट्टीला वाहिल्या. आणि त्या गदारोळात कुणीतरी पहिल्यांदा नाव घेतलं. भोवरा. मग दुसऱ्याने घेतलं. मग सगळ्या सभागृहाने.

जावई सासऱ्याकडे बघत होता. अजगराने त्याला फक्त भुवई दाखवली. घरी भाजी वाढताना ‘आणखी घे’ म्हणायची तीच भुवई. पोराला समजलं. त्याने दोर धरले आणि म्हणाला, “या मामा, परत.” नायकाने खलनायकाला मामा म्हणावं? पण लोकांना तो टोमणा वाटला आणि ते आणखीच खूश झाले.

पुन्हा सुरू करायचं तर इशारा पंचाचा हवा. फूटपट्टीने दात खाल्ले, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि स्वतःचा प्रामाणिकपणा सिद्ध करायला असा इशारा केला की मुलीने घंटा तीनदा वाजवली.

पुढचा अर्धा तास काय वर्णावा. भोवरा फिरला की पहिल्या रांगेतल्यांचे केस उडत होते. अजगराने चावून पाहिलं, डोळ्यांत बोट घालून पाहिलं, फूटपट्टीच्या मागे लपून पाहिलं, आणि दर खेपेला फूटपट्टीने त्याला मानगूट धरून बाहेर काढलं. शेवटी ती लाथ पुन्हा आली. अजगर पुन्हा पडला. भोवरा त्याच्या छातीवर आडवा झाला.

फूटपट्टी मोजायला खाली वाकला. “एक.” आणि त्याची नजर त्या वळलेल्या बुबुळांवर गेली. मोजणं थांबलं. मोजणारा हात मॅटवर आपटायचा सोडून वर जायला लागला, हवेत हलायला. घंटेपाशी मुलीने हातोडी पाठीमागे लपवली. फूटपट्टीचा दुसरा हात अजून अजगराच्या मुठीपाशी होता.

अजगराने नखाच्या टोकापर्यंत मरायचं ठरवलं होतं. छातीवर जावयाचं काळीज धडधडत होतं. नखापुरतं मरण त्याने सोडलं आणि फूटपट्टीचा हात दोनदा दाबला. अजगरच तो, बोटं कडाकडा वाजली. फूटपट्टीचे डोळे पाण्याने भरले. लोक म्हणाले, बघा, लाच परत द्यावी लागणार म्हणून रडतोय.

“दोन,” फूटपट्टी कळवळून म्हणाला. “तीन.”

सभागृह उभं राहिलं. चॅनलवाले साहेब उभे राहिले. बाई जागची हलली नाही, पण तिने घातलेली हाताची घडी सुटली.

अजगराचे कपडे बदलून झाल्यावर बाई त्याच्या दारात आली. “भोवरा राहील,” ती म्हणाली. “तुम्ही मला फसवलंत की वाचवलंत, ते मी उद्या ठरवते. आणि तो माझा पंच...”

“खलनायक आहे तो,” अजगर म्हणाला. “इतका राग मला कमवायला दहा वर्षं लागली होती. त्याने एका वाक्यात कमावला.”

बाईने फ्लॉवरचा कान खाजवला, म्हणजे तिला पटलं.

मागच्या दाराशी गाडी उभी होती. आता सासरा-जावई एका गाडीतून जायला हरकत नव्हती, असं मुलीचं म्हणणं. “नाव आजच झालंय त्याचं,” अजगर म्हणाला. “चार दिवस तरी टिकू दे.” आणि तो मागच्या सीटखाली शिरून पोशाखाच्या पिशव्यांखाली मरून पडला. पुढे भोवरा बसलेला, म्हणून गाडीला माणसांनी वेढा घातला होता. एकाने खिडकीतून विचारलं, “मागे काय आहे?”

“जुनं सामान,” मुलगी म्हणाली.

गर्दी बाजूला सारत फूटपट्टी आला. बोटांना पट्टी, मागून लोकांच्या शिव्या. त्याने काच खाली करायला लावली आणि हळूच विचारलं, “बाईने मला कायमची नोकरी दिलीय. लोकांनी माझा तिरस्कार करायचा, एवढंच काम. पण आईचा फोन आला होता. ती बोलत नाहीये माझ्याशी. तिला काय सांगू?”

पिशव्यांखालून आवाज आला, “सांग, बढती मिळाली.”

फूटपट्टीने मान डोलावली. मागे कुणीतरी त्याला चोर म्हणालं. तो वळला, त्या माणसाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सावकाश म्हणाला, “लाचेची पावती हवीय का?”

चप्पल आली ती थेट त्याच्या छातीवर. त्याने ती झेलली, उलटवून पाहिली आणि गाडीच्या खिडकीतून आत टाकली.

“ठेवून घे,” पिशव्या म्हणाल्या. “जोडीची येईलच.”