सकाळचं नाव

मॅटी रिडलीने बादलीतली काळी बिअर खत म्हणून पळीने लीकच्या बुडाशी सोडली आणि कान तारेच्या कुंपणाकडे लावला. पलीकडच्या वाफ्याचं फाटक कुरकुरलं. आल्फ डॉड्स आला. आता शिवी येणार म्हणून मॅटीने आधीच ओठ मुडपून घेतले. हसू आलेलं दिसलं की आल्फ दिवसभर टेंभा मिरवतो.

आल्फ कुंपणाशी येऊन उभा राहिला. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

“लीक छान आलाय तुझा, मॅथ्यू,” तो म्हणाला. “इतका भरलेला या गावात कुणाला झाला नसेल.”

हे तो मॅटीकडे बघून बोलला नाही. खांबाच्या खुंटीवर मॅटीचा जुना कोट लटकत होता, त्याच्याकडे बघून बोलला.

मॅटीची पळी हवेतच थांबली.

लीक हा तसा कांद्याचाच भाऊबंद. पण आमच्या या उत्तरेकडच्या कोळशाच्या गावांत पोरगं परीक्षेत नापास झालं तर बाप समजून घेतो, आणि लीक सप्टेंबरच्या प्रदर्शनात मागे पडला तर नाताळापर्यंत दाढी करत नाही. एका वर्षी टॉमी स्टोबार्टचा लीक एवढा माजला की तो उपटायला खाणीतलं घोडं आणावं लागलं. लीक निघाला आणि खालच्या बोगद्यातले कामगार त्या भोकातून वर बघून विचारू लागले, जेवणाची सुट्टी झाली का म्हणून. कुणाला खोटं वाटत असेल तर भोक अजून आहे.

अशा गावात प्रदर्शनाच्या आधी दुसऱ्याच्या लीकची तारीफ कुणी करत नाही. तारीफ करणाऱ्याने एक तर त्याच्या मुळाशी मिठाचं पाणी ओतलेलं असतं, नाही तर ओतायचं ठरवलेलं असतं.

आणि ‘मॅथ्यू’? बारशाला पाद्र्याने त्याला मॅथ्यू म्हटलं होतं आणि लग्नात एकदा. तिसऱ्यांदा ते नाव ऐकायला आपण शुद्धीवर नसू, असंच मॅटी धरून चालला होता.

मिसरूड फुटायच्या आत दोघे कामगारांना खाली सोडणाऱ्या एकाच लोखंडी पाळण्यातून खाणीत उतरले होते, आणि तेव्हापासून दोघांनी एकमेकांना खऱ्या नावाने हाक मारली नव्हती. दोन शब्द ठोकून एकत्र जोडायचे आणि माणसाच्या अंगावर घालायचे, ही आमच्याकडची फार जुनी रीत. आल्फच्या आजीकडे अशा शब्दांचं पोतं होतं आणि मरताना ती ते नातवाला देऊन गेली. गालावर उशीच्या वळ्या घेऊन मॅटी कामावर आला, त्या दिवशी तो ‘अंथरूणलोळ्या’ झाला. विझलेलं थोटूक पुन्हा पेटवताना दिसला, तेव्हा ‘गारगोटीसोल्या’, म्हणजे गारगोटीचंही साल काढून विकेल असा. मॅटी काही कमी नव्हता. मुकादमाच्या विनोदाला आल्फ जरा जोरात हसला की संध्याकाळपर्यंत त्याचं नाव ‘थुंकीचाट्या’.

खेळाला नियम दोनच. एकदा वापरलेला शब्द लीक उपटेपर्यंत पुन्हा काढायचा नाही. आणि नाव ठेवायचं ते त्या दिवशी समोर दिसेल त्यावरूनच. न बघता नाव ठेवणं ही चहाडी, असं आल्फची आजी म्हणायची. बघून ठेवलं तर तो मान.

खाण बंद पडली, आल्फची बायको गेली, मॅटीचे गुडघे गेले. सकाळचं नाव मात्र एक दिवस चुकलं नव्हतं.

“मला मॅथ्यू म्हणाला,” घरी येऊन मॅटीने बायकोला सांगितलं.

“मग? तुझं नावच आहे ते,” नेली म्हणाली. ती कणीक लाटत होती.

“टोपी काढून म्हणाला.”

नेलीचं लाटणं थांबलं. “बरं नाहीये का त्याला?”

“बरं नसायला काय झालंय. नजर चुकवत होता माझी. माझ्या कोटाशी बोलत होता.”

दुपारी तो पुन्हा वाफ्यावर गेला आणि गुडघे टेकून बसला. लीकच्या बुडाशी भुसभुशीत माती होती, तिच्यात बोटं उमटली होती. त्याची स्वतःची नव्हेत. बोटं लीकभोवती गोल फिरली होती, आणि वर पांढऱ्या दांड्यावर मातीचा पुसट पट्टा होता. मॅटीने चिमूटभर माती जिभेवर ठेवली. खारट लागली, असं त्याला वाटलं. सप्टेंबरात आमच्या गावात कुठल्याही माणसाला कुठलीही माती खारटच लागते.

क्लबात त्याने सगळं सांगितलं. तिथे जो नावाचा गडी बिअर ओतायचा, तो म्हणाला, “तारीफ, टोपी आणि वर बोटांचे ठसे. अजून काय पाहिजे तुला? सही हवीय का त्याची?”

दुसऱ्या दिवशी मॅटी स्टूल घेऊन लीकशेजारी बसून राहिला. फाटक कुरकुरलं. रात्रभर त्याने एक जबरदस्त नाव जुळवलं होतं, तीन शब्दांचं, चौथा शेपटीला. आल्फ कुंपणाशी आला, टोपीला हात घातला, आणि मॅटीला त्यातलं एक अक्षर आठवेना.

“चोर,” तो म्हणाला.

आल्फने मान वळवली. या खेपेला कोटाकडे नाही, आवाजाकडे.

“नुसतंच?” त्याने विचारलं.

“नुसतंच.”

आल्फने टोपी डोक्यावर घातली. तारेवर हात ठेवून, एक खांब सोडून दुसरा धरत, तो फाटकापर्यंत गेला. खाई त्याला खवखवे, मॅटीच्या मनात आलं. पाय कसे लटपटतायत बघा.

शनिवारी प्रदर्शन भरलं. धुतलेले, मुळ्यांची पांढरी दाढी विंचरलेले लीक काळ्या कापडावर मांडले होते, आणि गावातले धट्टेकट्टे पुरुष त्यांच्यापुढून देवदर्शनाला आल्यासारखे हळू चालत होते. परीक्षकाने मोजायची फीत लावली, पुन्हा लावली, आणि पहिलं बक्षीस मॅटीला दिलं. हिरव्या फुलांची आरामखुर्ची होती. लोकांनी त्याला तिच्यात तिथेच बसवलं.

आल्फची जागा रिकामी होती. काळ्या कापडावर त्याच्या नावाची चिठ्ठी तेवढी.

नेली गर्दीतून वाट काढत खुर्चीपाशी आली.

“ऑड्री भेटली पाववाल्याकडे,” ती म्हणाली. ऑड्री म्हणजे आल्फची मुलगी, दक्षिणेत राहणारी. “उद्या बापाला घेऊन चाललीय कायमचा. डोळे गेले त्याचे. उन्हाळाभर जातच होते, सांगितलं नाही कुणाला. आता उजेड तेवढा कळतो.”

आदल्याच आठवड्यात, मॅटी घोटून दाढी करून आलेला असताना, आल्फ त्याला ‘खुंटदाढ्या’ म्हणाला होता. म्हातारा झालास, म्हणून मॅटीने ते हसण्यावारी नेलं होतं. तेव्हा आल्फचा हात तारेवर घट्ट झालेला त्याला आत्ता दिसला.

“माझा लीक...” तो म्हणाला.

“हातांनी बघितला असणार,” नेली म्हणाली.

मॅटीने खुर्चीच्या हातावरची हिरवी फुलं अंगठ्याने घासून पाहिली, पुसली जातात का म्हणून.

प्रदर्शनातले सगळे लीक रविवारी एका हंड्यात जातात आणि क्लबात सूप होतं, असा रिवाज. मॅटीने सकाळीच जाऊन आपला लीक काखेत मारला.

“अरे, मग सूप कशाचं करू?” जो ओरडला.

“खुर्चीचं कर.”

घरी नेलीने त्याला चर्चचे कपडे घातले. खाणीने जाड केलेल्या त्याच्या बोटांना बिनबाह्यांच्या वास्कीटाची बटणं आवरत नसत, म्हणून ती तिनेच लावली, वरपासून खालपर्यंत. “हो पुढे,” ती म्हणाली. “प्रवासात खायला कणकेत मटण भरून भाजतेय, भट्टीतून निघालं की घेऊन येते.”

आल्फच्या दारात गाडी उभी होती. ऑड्री त्यात बोचकी ठेवत होती. मॅटीला पाहून तिने कंबरेवर हात ठेवले.

“माझ्या बाबांना चोर म्हणणारे तुम्हीच ना?”

“मीच.”

“काका म्हणायचे मी तुम्हाला.”

मॅटीने खाली बघत काखेतला लीक सावरला. मग तिच्या बाजूने आत गेला. आल्फ रिकाम्या खोलीत एकुलत्या खुर्चीवर बसला होता, गुडघ्यांवर घोंगडी.

“कोण आहे?”

मॅटीने लीक आल्फच्या मांडीवर ठेवला.

आल्फचे हात दाढीपासून पात्यापर्यंत गेले आणि सावकाश परत आले.

“उपटताना डावीकडच्या मुळ्या तोडल्यास,” तो म्हणाला.

“तरी पहिला आला.”

“परीक्षक माझ्यासारखाच असणार.”

बाहेर गाडीचं झाकण आपटलं. माफी मागायला मॅटीने तोंड उघडलं, पण तो शब्द त्याच्या तोंडाला कधी लागलाच नव्हता. त्याने आल्फचं मनगट धरलं आणि हात आपल्या छातीवर ठेवला.

आल्फने हात ओढून घेतला. मग, जरा वेळाने, आपणच पुढे केला. बोटं वास्कीटावरून खाली उतरू लागली. एक बटण, दुसरं. मध्येच थांबली. पुन्हा वर गेली. वर एक बटण बिनकाजाचं उरलं होतं, आणि खाली वास्कीटाची एक बाजू दुसरीपेक्षा लोंबत होती.

आल्फच्या ओठाचा कोपरा हलला.

“बटणचुक्या,” तो म्हणाला.

“बाबा,” दारातून ऑड्री दटावत म्हणाली.

“या हंगामात आला नव्हता हा शब्द,” मॅटी म्हणाला. “आणि तू रे? मांडीवर कांदा घेऊन, वर घोंगडी. कांदाजोजव्या.”

“मऊ आहे नाव,” आल्फ म्हणाला. “पण चालेल.”

लीक गाडीत त्याच्या मांडीवरच गेला. नेली मटणाचा डबा घेऊन धापा टाकत पोचली, तो ऑड्रीच्या हाती दिला, आणि गाडी चर्चच्या वळणाला दिसेनाशी झाल्यावर नवऱ्याकडे वळली.

“हे काय? सकाळी एकूण एक बटण मी माझ्या हाताने लावलं होतं.”

“कोपऱ्यावर जरा उकडलं,” मॅटी रस्त्याकडे बघत म्हणाला. “सोडली. परत लावली.”

“सप्टेंबरात उकडलं?”

ती बटणं नीट करायला पुढे झाली. मॅटीने वास्कीटावर तळवा ठेवला.

“राहू दे आजचा दिवस.”

नेलीने त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि हात मागे घेतला. प्रार्थनेची घंटा झाली. भर गावातून दोघे तसेच चर्चला गेले, वास्कीटाची एक बाजू वर, एक खाली.