उतारावरचा ट्रॅक्टर

मित्रांनो, मी ट्रॅक्टर आहे आणि जुना आहे. यातली पहिली गोष्ट मला जन्मापासून माहीत होती. दुसरी गेल्या माघात एका लाल स्टिकरवरून कळली.

माझा जन्म १९७१ साली दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. जन्मतः माझं वजन अठराशे किलो होतं. बाळ सुखरूप होतं, कारखानाही सुखरूप होता. चारच दिवसांत मला मालगाडीत चढवलं आणि मी कल्याणला उतरलो. तिथे उत्तमराव मला न्यायला आले होते. अंगात लग्नातला कोट, पायात वहाणा, आणि ट्रॅक्टर चालवण्याचा अनुभव शून्य.

त्यांचं गाव टिटवाळ्याच्या पुढे, काळू नदीच्या अलीकडे. तिथे घराच्या दारात त्यांची नवी नवरी, गोदूबाई, ओवाळायला ताट घेऊन उभी होती. आम्ही दारापर्यंत आलो आणि तसेच पुढे गेलो. गावाला फेरी मारून परत आलो, पुन्हा पुढे गेलो. उत्तमराव दरवेळी ओरडायचे, "अगं ए, थांबत नाय गं हा!" अशा सात फेऱ्या झाल्या. ताटातलं निरांजन तीनदा विझलं. गावातली म्हातारी माणसं म्हणाली, मशीन बिथरलं.

मित्रांनो, मी बिथरलो नव्हतो. मी थांबायला केव्हाही तयार होतो. उत्तमरावांचा पाय क्लचच्या आसपाससुद्धा गेला नव्हता. त्यांना थांबायचंच नव्हतं. हे गुपित मी पन्नासहून जास्त वर्षं पोटात ठेवलं. मला तोंड नाही हे त्याचं एक कारण. पण असतं तरी सांगितलं नसतं.

पुढे मी पुष्कळ काम केलं. भाताच्या खाचरात चिखलणी केली. गावचे गणपती नदीवर पोचवले, गावच्या नवऱ्या सासरी पोचवल्या, आणि यात कधी अदलाबदल होऊ दिली नाही. एकदा चिखलात रुतलेली एसटी बाहेर ओढली, तेव्हा बसमधल्या सगळ्या लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरने तर मला नमस्कार केला. उन्हाळ्यात मी वीटभट्ट्यांवरून विटा वाहायचो. ठाकुर्ली-डोंबिवलीच्या कितीतरी इमारती माझ्या पाठीवरून गेल्या आहेत. त्यांतल्या रहिवाशांना हे माहीत नाही. मीही कधी बोलून दाखवलं नाही, आता दाखवतो आहे.

१९८८ साली माझा स्टार्टर गेला. दुरुस्त करता आला असता. पण उत्तमरावांनी मला घरामागच्या उतारावर, नाक खाली करून उभं केलं, चाकाखालचा दगड काढला, मी गडगडत निघालो, त्यांनी क्लच सोडला आणि मी धडधड सुरू झालो. "झालं की!" ते म्हणाले. "उतार तर फुकट हाय." त्या दिवसापासून माझा मुक्काम उतारावर. पुढे इंजिन बंद करायची तारही तुटली. मग गोदूबाईंनी युक्ती काढली. ओला गोणपाट घ्यायचा आणि माझ्या हवा ओढायच्या तोंडावर दाबून धरायचा. मी दोनदा ठसकायचो आणि गप्प व्हायचो. म्हणजे सुरू करायला उतार आणि बंद करायला गोणपाट. याहून साधं यंत्र तुम्ही पाहिलं असेल तर सांगा.

त्यांचा मुलगा सर्वेश माझ्या सीटवर खूप बसला, पण त्याने मला चालवलं कधीच नाही. तो हुशार निघाला. शिकला, नोकरीला लागला, ठाकुर्लीला फ्लॅट घेतला. सहा वर्षांपूर्वी उत्तमराव गेले. मग मी उतारावर नुसता उभा राहिलो. एका कोंबडीने माझ्या सीटवर ओळीने तीन बाळंतपणं उरकली. फक्त दसऱ्याला गोदूबाई मला हार घालायच्या, दगड काढायला लावायच्या, मी वीस पावलं धडधडत जायचो, त्या गोणपाट दाबायच्या, आणि शेजारच्या दोन म्हशी मला पुन्हा वर ओढून ठेवायच्या. म्हशींना हा सण आवडत नसे.

मग गोदूबाईंचे गुडघे गेले. सर्वेश आईला ठाकुर्लीला घेऊन गेला. मला विकायचं ठरलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "चालवणाऱ्याच्या हातात जाऊ दे. कापायला नाय जायचा."

टिटवाळ्याजवळच्या एका माळावर जुन्या वाहनांचा लिलाव भरणार होता. गाड्या, ट्रक, ट्रॅक्टर, सगळी वयस्कर मंडळी. सर्वेशने मला दोन दिवस आधी ट्रकवर चढवून तिथे पोचवलं. लिलाव करणारा अद्वय हा डोंबिवलीचा तरुण. फार मायाळू. त्याने मला शाम्पू लावला. आयुष्यात मला कोणी शाम्पू लावला नव्हता. माझ्या चाकांना काळं पॉलिश केलं आणि फोटो छान यावा म्हणून मला फळ्या टाकून अगदी सपाट जागी उभं केलं.

माझ्या एका बाजूला लांब नाकाचा ट्रक होता, दुसऱ्या बाजूला काळी-पिवळी टॅक्सी. ट्रकच्या शेजारी उभं राहायला मिळणं हाच मला बहुमान वाटला. काय ते नाक! इंजिन पुढे, आणि बाकीचा ट्रक पाच मिनिटांनी मागून. त्याला हायवेवरच्या हॉटेलवाल्याने घेतलं. हल्ली त्याच्या पोटात बसून लोक मिसळ खातात. टॅक्सीचा मीटर अजून पडत होता, तिला बघायला रांग होती. जुन्या गोष्टींकडे इतक्या प्रेमाने बघणारी इतकी माणसं मी एका ठिकाणी पहिल्यांदाच पाहिली. एक गृहस्थ तर हेडलाइटशी बोलत होते.

ते माझ्या हेडलाइटशी बोलत होते. त्यांचं नाव आनंद. वर्तकनगरला राहणारे. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात सदतीस वर्षं कंप्रेसर दुरुस्त करून नुकतेच निवृत्त झालेले. सोबत त्यांची पत्नी, नीला. दोघं फक्त बघायला आली होती. हे फक्त नीलाताईंना माहीत होतं.

"अगं, हा बघ! याचा आवाज कसा असेल माहितीये?"

"आवाज ऐकून परत जायचं. आनंद, आपल्याकडे एक पार्किंग आहे आणि त्यात आपली गाडी आहे."

"मी कुठे घेतोय?"

"घेणारच नाहीयेस. पाटी माझ्याकडे दे."

लिलावात बोली लावायची तर नंबराची पाटी वर करावी लागते. आनंदरावांची पाटी सतरा नंबरची. नीलाताईंनी ती पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

माझी पाळी आली. लिलावाचा नियम सरळ होता: वाहन चालू असेल तर त्यावर बोली, बंद असेल तर लाल स्टिकर, आणि लाल स्टिकरवाले जेवणानंतर वजनावर भंगारात. भंगारवाला कल्याणचा बंटी. त्याचा टेम्पो गेटपाशी तयारच होता.

अद्वयने किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. होणार कसं? ती किल्ली फक्त शोभेला होती. त्याने नवी बॅटरी जोडली. पुन्हा काही नाही.

"सर, हा चालायचा ना?" त्याने सर्वेशला विचारलं.

"चालायचा म्हणजे? बाबा रोज चालवायचे!"

"मग किल्लीनेच व्हायचा ना चालू?"

सर्वेशने स्वतः किल्ली फिरवून पाहिली. मित्रांनो, त्याला दोष देऊ नका. त्याने मला जन्मभर उतारावर पाहिलं होतं. म्हशी जशा गोठ्यात राहतात तसे ट्रॅक्टर उतारावर राहतात, अशीच त्याची समजूत होती. उतार हा माझा एक भाग आहे, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. माझे चार टायर, स्टिअरिंग, साखळदंड, सगळं त्याने आठवणीने दिलं होतं. उतार तेवढा गावाला राहिला.

अद्वयने जड मनाने माझ्या कपाळावर स्टिकर चिकटवला. त्यावर एकच शब्द: बंद. बंटीने माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि बोनेटवर हात फिरवला. "माल एक नंबर आहे. असं लोखंड आता बनतच नाही," तो म्हणाला. प्रशंसा खरी होती, पण मला काही बरं वाटलं नाही.

तेवढ्यात रिक्षातून गोदूबाई उतरल्या. बगलेत ओला गोणपाट. रिक्षाची सीट भिजवल्यावरून रिक्षावाल्याशी झालेलं भांडण अजून चालू होतं. त्यांनी मला पाहिलं, स्टिकर पाहिला, खालच्या फळ्या पाहिल्या.

"सर्व्या, हे काय रं? सपाटीवर कोणी हुबा केला ह्याला?"

"आई, तो बंद पडलाय."

"तुला झोपेतनं उठवून उलटा टांगला तर तू बोलशील का? ढकला त्याला त्या बांधावर!"

अठराशे किलो चढावर ढकलायचे, तर माणसं हवीत. मग माझ्यावर बोली लावायला आलेले सगळेच मला ढकलायला लागले. मिसळवाला, टॅक्सीवाला, रांगेतले लोक, अद्वय माइकसकट. सगळ्यांत जोरात बंटी ढकलत होता. "बंटीशेठ, चालू झाला तर तुझंच नुकसान," कोणीतरी म्हणालं. "ते नंतर बघू," बंटी धापा टाकत म्हणाला, "पण बघायचंय यार, होतो का!" मित्रांनो, मला अशी माणसं फार आवडतात.

बांधावर माझं नाक खाली वळवलं आणि चाकाखाली एक दगड लावला. वर बसणार कोण? लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, तोवर आनंदराव सीटवर होते. कधी चढले ते मलाही कळलं नाही.

दगड काढला. मी गडगडलो. आनंदरावांनी अगदी नेमक्या वेळी क्लच सोडला आणि मी धडधडलो! धुराचा असा लोट सोडला की मंडपातल्या पाहुण्यांना काही काळ एकमेकांची ओळख राहिली नाही. माळभर टाळ्या झाल्या. एसटीनंतर पहिल्यांदाच.

अद्वयने धावत येऊन स्टिकर काढायचा प्रयत्न केला, पण मी पुढे गेलो होतो. माळाला एक फेरी झाली. दुसरी झाली.

"सर, थांबवा! बोली सुरू करायचीय!"

"थांबत नाहीये!" आनंदराव ओरडले.

मी चकित झालो. मी थांबायला तयार होतो. पण वरचा पाय क्लचच्या आसपाससुद्धा येईना.

शेवटी अद्वयने मी फिरत असतानाच बोली सुरू केली. बंटीने पाटी वर केली. चालू इंजिन सुटं करून विकलं तर चांगलं जातं, त्यामुळे आता तो नियमाने बोली लावत होता. आनंदरावांनी घाईत नुसताच हात वर केला. स्टिअरिंग सुटलं आणि आम्ही अद्वयच्या टेबलाकडे निघालो.

"सर, टेबल! टेबल! आणि पाटीशिवाय बोली धरत नाही!"

पाटी नीलाताईंच्या पर्समध्ये होती. त्या मंडपाच्या कडेला खुर्चीवर बसल्या होत्या. शेजारच्या खुर्चीवर गोदूबाई गुडघे चोळत होत्या. मी जवळून गेलो तेव्हा त्यांचं बोलणं ऐकलं.

"तुमचेच का हे?"

"आमचेच."

"थांबत नाय म्हणतायत."

"सदतीस वर्षं मशिनं दुरुस्त केलेल्या माणसाला न्यूट्रल सापडत नाही? मी काय वेडी आहे का हो?"

पुढची फेरी मारून मी परत आलो.

"...पयल्या दिवशी आमच्या ह्यांनी सात फेऱ्या मारल्या," गोदूबाई सांगत होत्या. "म्हणे, थांबत नाय. मी ताट घेऊन हुबी. त्यांचा पाय दिसत होता ना मला. क्लचच्या जवळ पण नवता."

मित्रांनो, मी त्या वेळी धावत नसतो तर थबकलो असतो. माझं पन्नास वर्षांचं गुपित! गोदूबाईंना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं!

"मग तुम्ही बोलला नाहीत?" नीलाताईंनी विचारलं.

"कशाला? पुन्यांदा वात लावली."

"काकी, मी नेऊ का?" पलीकडून बंटीने नीलाताईंना हाक मारली. "माझी शेवटची बोली आहे. टेम्पो चालू करून ठेवलाय."

अद्वयने मोजायला सुरुवात केली. एक. नीलाताई माझ्याकडे बघत होत्या. माझ्याकडे नाही, वर. आनंदराव हसत होते, चांगलं तोंड उघडून. दोन.

"सदतीस वर्षांत याच्या अक्कलदाढा मला आज पहिल्यांदा दिसतायत," नीलाताई म्हणाल्या आणि त्यांनी पर्सची चेन उघडली.

सतरा नंबर वर गेला. बंटीने आपली पाटी खाली केली आणि शिट्टी वाजवली. आणि आनंदरावांना न्यूट्रल सापडलं. लगेच.

गोदूबाई लंगडत आल्या. त्यांनी गोणपाट नीलाताईंच्या हातात दिला आणि कुठे दाबायचा ते दाखवलं. "घाई नाय करायची. आधी दोन फेऱ्या जास्तीच्या मारू द्यायच्या. मग दाबायचा." मी ठसकलो आणि गप्प झालो. गोदूबाईंनी माझ्या बोनेटला हात लावला आणि तो हात स्वतःच्या कपाळाला टेकवला. मग त्यांनी बांधावरचा तो दगड उचलायला लावला आणि माझ्यासोबत दिला.

आता मी वर्तकनगरला असतो. सोसायटीच्या गेटपासून आतला रस्ता उताराचा आहे, त्याच्या वरच्या टोकाला माझी जागा. सेक्रेटरी कादंबरीताईंनी फॉर्मवर वाहनाचा प्रकार 'चारचाकी' लिहिला आणि पुढे प्रामाणिकपणे 'दोन मोठी' अशी भर घातली. पाण्याचा टँकर चढावर अडकला तेव्हा मी तो ओढून काढला, तेव्हापासून मला पाहुण्याचा नाही, रहिवाशाचा स्टिकर आहे. तो निळा आहे. लाल मात्र अजून पूर्ण निघालेला नाही. त्यातला 'बं' राहिला आहे.

दसऱ्याला सर्वेश आईला घेऊन आला. गोदूबाईंनी आधी उतार तपासला, मग हार घातला.

मित्रांनो, माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरी एखादा जुना पंखा असेल, रेडिओ असेल, आजोबा असतील. ते बोलत नाहीत, चालत नाहीत म्हणून त्यांच्यावर स्टिकर चिकटवू नका. ते आजवर कसे सुरू व्हायचे, हे त्यांच्या माणसाला एकदा विचारा. कदाचित सगळं शाबूत असेल. तुम्ही फक्त सपाटीवर उभं केलं असेल.

परवाच्या रविवारी सकाळी आनंदराव गोणपाट भिजवायला वर गेले. खाली आले तेव्हा दगड बाजूला पडलेला होता आणि मी जागेवर नव्हतो. मी बिल्डिंगला तिसरी फेरी मारत होतो. सीटवर नीलाताई होत्या. ओढणी कमरेला बांधलेली, अक्कलदाढा स्पष्ट दिसत होत्या.

"आनंद," त्या ओरडल्या, "थांबत नाहीये हा!"

आनंदराव ओला गोणपाट घेऊन उभे राहिले. त्यांनी खाली, क्लचकडे पाहिलं. काही बोलले नाहीत.

मीही बोललो नाही.