गोदामातली गाठ

“तुमच्या वडिलांनी तिसऱ्यांदा नळी उपसली,” सिस्टर म्हणाली. ‘तुमच्या’वर तिने असा जोर दिला, जणू थोरलीनेच त्यांना घरून शिकवून पाठवलं होतं.

पलंगाच्या कठड्याला हात बांधायची बँडेजची पट्टी लोंबत होती. फाटलेली नव्हे, सोडवलेली. अण्णांच्या नाकाखाली रक्त सुकलं होतं आणि हातातलं काम वेळेत उरकल्यासारखे ते शांत पडले होते.

“चार गाठी मारल्या होत्या हो मी, ताई,” वॉर्डातली मावशी म्हणाली. “एकावर एक. यांच्या बोटांत काय भूत शिरलंय का?”

अण्णांनी डोळे उघडले. “चार मारल्या म्हणजे एकही धड येत नाही,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

चौतीस वर्षं त्यांनी एका मालवाहतूक कंपनीच्या गोदामात पार्सलं बांधली होती. त्यांनी बांधलेलं खोकं कितीही आपटलं तरी दोरी सैल व्हायची नाही, आणि घेणाऱ्याला पातं लावल्याशिवाय ते उघडायचं नाही. बढती, निरोपसमारंभ यांतलं काही वाट्याला आलं नाही. गर्व करायला एवढी एकच गोष्ट होती.

अन्ननलिकेच्या ऑपरेशनला नऊ आठवडे झाले होते. आतले टाके जुळत नव्हते. तोंडाने घोटभर पाणीही बंद. नाकातल्या नळीतून जाईल तेवढंच. नळी पुन्हा घातल्यावर डॉक्टरांनी थोरलीला बाहेर बोलावून सुनावलं, “ही शेवटची. पुन्हा ओढली तर आतलं फाटेल, मग माझ्याकडे येऊ नका. पेशंट भ्रमात आहे. हात नीट बांधून घ्या.”

अण्णा भ्रमात नव्हते. तिला ते पक्कं माहीत होतं.

“मला घरी ने,” ते रोज म्हणत. “पिशवी करून ठेवलीय माझी इथे. वरून ओतायचं, खालून काढायचं.”

“टाके जुळले की नेते.”

“तू म्हणालीस म्हणून जुळतात होय?”

दुपारी धाकटा आला. भेटीच्या वेळेतली शेवटची दहा मिनिटं उरली असताना, नेहमीसारखा.

“ताई, बापाचे हात बांधणार? जनावर आहेत का ते?”

“मग तू बस ना. सात ते सात. धर त्यांचे हात.”

“तुला मोठेपणा हवाय. सगळं आपणच करायचं आणि मग जगाला ऐकवत बसायचं.”

“बरं. झाली तुझी भेट? नीट जा.”

तो गेला. सिस्टरने पट्ट्यांचं भेंडोळं तिच्यापुढे धरलं. “तुम्हीच बांधा. उद्या माझ्या नावावर नको.”

आठव्या वर्षी अण्णांनी तिला गोदामात खोक्यावर बसवून शिकवलं होतं. माल चेपायचा नाही आणि सुटूही द्यायचा नाही. वेढ्याच्या आत दोन बोटं राहतील एवढी जागा सोडायची, सुटं टोक वेढ्याच्या पोटात सारायचं. तिने मनगटांखाली कापूस ठेवला आणि तसंच बांधलं. फक्त गाठ बोटांच्या टप्प्यापलीकडे नेली. एवढी भर तिची स्वतःची.

अण्णांनी बोटं चाळवली. मनगट वळवून पाहिलं. मग मान उचलून गाठीकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. ओळख पटली तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला, की तिने नजर कापसाकडे वळवली.

“तुला शिकवायला नको होतं,” ते म्हणाले. “घरात दरोडेखोर पोसला मी.”

“शिव्या द्या. पण राहा.”

“कोणासाठी? तुला ‘मी वाचवलं’ म्हणता यावं म्हणून?”

तिने चादर सारखी केली.

त्यानंतर सहा दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. मावशीशी बोलत, शेजारच्या पेशंटशी बोलत, एक्स-रेवाल्याचीही चौकशी करत. ती समोर आली की छताकडे बघत. नळी मात्र जागेवर राहिली. रोज सकाळी अंग पुसायला ती गाठी सोडायची आणि परत बांधताना सिस्टर खांदा दाबायची, मावशी कोपर. अण्णा हिसडे मारत. रोज.

सातव्या दिवशी मावशी घाण पाणी ओतायला गेली आणि त्याच वेळी सिस्टरला पलीकडच्या पलंगावरून हाक आली. अण्णांचे दोन्ही हात मोकळे होते.

उजवा हात उठला. नाकापर्यंत गेला. बोटं नळीला लागली. थोरलीला ओरडायचं होतं, झडप घालायची होती. पाय जागचे हलेनात. बोटांनी नळीवरून गालाकडे चाचपत जाऊन चिकटपट्टीचं उचकटलेलं टोक शोधलं, दाबून बसवलं. मग हात खाली आला आणि कठड्यावर पडला. मनगट वर करून.

केवढं हडकलं होतं ते. तिने पट्टी उचलली. पहिला वेढा कुठल्या बाजूने घ्यायचा, ते तिला काही केल्या आठवेना.

“डावीकडून,” अण्णा छताकडे बघत म्हणाले.