पुलापलीकडची दहा मिनिटं

रविवारी दुपारी एक वाजून बेचाळीस मिनिटांनी, मेरीलँडहून व्हर्जिनियात उतरणाऱ्या रूट पंधरावर, लकेट्स गावाच्या तोंडाशी, ईश्वर मेश्रामच्या गाडीच्या आरशात पोलिसांचे निळे दिवे लागले. ताशी पंचेचाळीस मैलांच्या रस्त्यावर तो छप्पननं जात होता. पोलिसांचं वेगमापक रडार जवळ असल्याचा इशारा देणारा, काचेवर चिकटवलेला रडार डिटेक्टर वाजला, पण दिवे लागून झाल्यावर.

"आता वाजतोय हा," ईश्वर म्हणाला.

शेजारी त्याची वीस वर्षांची मुलगी नैना बसली होती. तिनं काचेवरचा डिटेक्टर उपटला, वायर ओढली आणि दोन्ही गोष्टी पायाशी ठेवलेल्या कापडी पिशवीत, पुडाच्या वड्यांच्या डब्याखाली सरकवल्या. ईश्वरनं गाडी कडेला घेतली तेव्हा काचेवर रबरी चकत्यांचे दोन गोल डाग तेवढे उरले होते.

व्हर्जिनियात गाडीत चालू रडार डिटेक्टर ठेवायला बंदी आहे. हे ईश्वरला माहीत नव्हतं असं नाही. किंबहुना त्या गाडीतल्या दोघांत ते सगळ्यात नीट त्यालाच माहीत होतं. कायद्याचं कलम त्यानं छापून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवलं होतं.

तरीही हे कसं झालं, त्यासाठी तीन आठवडे मागं जावं लागतं.

ईश्वर एकोणपन्नास वर्षांचा. नागपुरात इंजिनीअर झाला, बावीस वर्षांपूर्वी अमेरिकेत आला, व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नच्या एका डेटा सेंटरमध्ये कूलिंग सांभाळतो. तिथं अर्धा अंश इकडंतिकडं झाला की त्याचा फोन वाजतो. राकेश हा त्याचा कॉलेजातला मित्र, मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला असतो. राकेशनं हौसेनं दोन सीटांची, हातानं गिअर टाकायची निळी स्पोर्ट्स कार घेतली आणि चार वर्षांत त्याचे गुडघे गेले. गाडीत बसायला जमायचं, पण उतरायला बायको लागायची.

"तू घे बे," राकेश फोनवर म्हणाला होता. "जिंदगीभर ग्रे सेडान चालवली. आता सिटिझन होऊन राहिला, जरा रंग घे."

ईश्वरनं गाडी घ्यायचं ठरवलं आणि लगेच दुसऱ्या दिवशी डिटेक्टर शोधायला लागला.

"व्हर्जिनियात राहून रडार डिटेक्टर घेणारा तू पहिलाच असशील," राकेश म्हणाला.

"व्हर्जिनियात नाही लावणार. नैनाला कॉलेजातून आणायला दर महिन्याला तुमच्याकडं वूस्टरला येतो ना मी. सीमेवरच्या पोटोमॅकच्या पुलाच्या अलीकडं काढायचा, डिकीत टाकायचा."

"पण तू तर साठच्या वर जातच नाहीस! तुला काऊन पाहिजे?"

"जोरात जायला नाही. कोण बघतंय ते कळायला."

राकेश हसला. ईश्वर हसला नव्हता.

त्यानं अकरा डिटेक्टरांचा तक्ता केला. किती लांबून ओळखतो, खोटे इशारे किती देतो, दुकानांच्या आपोआप उघडणाऱ्या दारांना फसतो का, शेजारच्या गाड्यांच्या सेन्सरवर ओरडतो का. अकराचे पाच झाले, पाचाचे दोन. दोनावर तो अडला. मग त्यानं इथल्या निम्म्या देशी घरांत करतात तेच केलं: दोन्ही मागवले, वापरून बघायचे आणि एक परत करायचा. परत करायची शेवटची तारीख होती तोच रविवार, संध्याकाळी पाचपर्यंत, अ‍ॅशबर्नच्या परतीच्या काउंटरवर.

दोन्ही खोकी राकेशच्या घरी आली. राकेशनं ते लावून बघितले आणि त्यांना नावं दिली. एक लांबचं ओळखायचा, पण प्रत्येक सुपरमार्केटच्या दाराला ओरडायचा, तो बडबड्या. दुसरा विचार करून बोलायचा, तो मुका.

शनिवारी ईश्वर विमानानं गेला. रविवारी पहाटे राकेशच्या बायकोनं, दीपानं, पुडाच्या वड्यांचा डबा दिला, राकेशनं किल्ली दिली, आणि हॉस्टेलमधून आलेल्या नैनाला घेऊन सहा वाजता तो निघाला. सेमिस्टर संपलं होतं. शिवाय बुधवारी बाबाचा शपथविधी होता. बुधवारी सकाळी नऊ वाजता ईश्वर मेश्राम अमेरिकेचा नागरिक होणार होता. मुलाखत झाली होती, पत्र आलं होतं. ऑफिसनंही त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती. एक तारखेपासून सरकारी कामाचा नवा मजला सुरू होणार होता आणि तिथं फक्त नागरिकांना घेत होते.

दोन डिटेक्टर एकाच वेळी लावले तर एकमेकांनाच पकडतात. म्हणून एक तास बडबड्या, एक तास मुका, असं ठरलं. नैनाच्या मांडीवर वही होती. वेळ, ठिकाण, खरा की खोटा.

"बाबा, ही झोपेत पण ओरडते," बडबड्या वाजला तशी नैना म्हणाली.

"ही नाही, हा."

"व्हॉटेव्हर. ही इज हिस्टेरिकल."

दुपारी एकला मेरीलँडमध्ये फ्रेडरिक ओलांडलं तेव्हा बडबड्याचे एकसष्ट इशारे होते, त्यातले चार खरे. मुक्याचे नऊ, त्यातले चार खरे. कुणीही सांगितलं असतं, मुका ठेव. ईश्वर म्हणाला, "मुक्याचे तास पूर्ण झाले नाहीत." पेनसिल्व्हेनियात रस्त्याच्या कामापाशी गाडी दहा मिनिटं जागची हलली नव्हती. ती दहा मिनिटं त्यानं मुक्याच्या खात्यातून वजा केली होती.

"सीरियसली?"

"तुलना बरोबरीची पाहिजे."

नदीच्या अलीकडं डाव्या हाताला पेट्रोल पंप आला. तिथं थांबून डिटेक्टर काढायचा, असं तक्त्याच्या तळाशी ठळक अक्षरांत लिहिलं होतं. ईश्वरनं ब्लिंकर दिला. घड्याळ बघितलं. मुक्याची दहा मिनिटं बाकी होती आणि आज नाही तर कधीच नाही. ब्लिंकर बंद केला. चाकांखालून लोखंडी पूल खडखडत गेला, खाली पोटोमॅक नदी पसरलेली होती, आणि गाडी व्हर्जिनियात आली.

"बाबा. ब्रिज."

"दहा मिनिटं."

नवव्या मिनिटाला निळे दिवे लागले.

पोलीस डेप्युटी तरुण होता, गोरा, उन्हानं नाक सोललेला. लायसन्स घेतलं, कागद घेतले. मग थोडा वाकून त्यानं आत बघितलं, काचेवरच्या दोन गोलांकडे बघितलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "गाडीत रडार डिटेक्टर आहे का?"

ईश्वरनं तोंड उघडलं. पुढं काय म्हणणार होतो, हे त्याला नंतर तीन दिवस आठवून आठवून सांगता आलं नाही.

"नो, सर," नैना म्हणाली.

तिचा आवाज साफ होता. या देशात जन्मलेल्या माणसाचा असतो तसा. डेप्युटीनं तिच्याकडे बघितलं, मान हलवली, आपल्या गाडीकडे गेला. अकरा मिनिटांनी परत आला. हातात कागद होता. फक्त वॉर्निंग, दंड नाही. "छान गाडी आहे," तो म्हणाला. "सावकाश चालवा."

गाडी पुन्हा रस्त्याला लागली. मग नैनानं वही उघडली आणि लिहिलं: १:४२, लकेट्स, खरा, उशिरा.

"ते कशाला लिहितेस?"

"तुलना बरोबरीची पाहिजे," ती त्याच्याच सुरात म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी संघमित्रा, ईश्वरची बायको, वरणभात झाकून बसली होती. सगळं ऐकल्यावर तिनं आधी नैनाला विचारलं, "तू काऊन बोललीस?"

"कारण बाबा बोलणार होता."

"मग बोलू द्यायचं."

"आई, त्याची ओथ आहे वेन्सडेला! मला काय होणार होतं?"

संध्याकाळचे पाच वाजून गेले. काउंटरवर कुणी गेलं नाही. दोन्ही डिटेक्टर गॅरेजात, वड्यांच्या डब्याशेजारी पडून राहिले.

सोमवारी सकाळी ईश्वरनं शपथविधीचं पत्र पुन्हा काढलं. मागच्या बाजूला प्रश्न होते. हजर राहायच्या दिवशी भरून आणायचे, मुलाखतीनंतर काय काय घडलं ते सांगायचं. लग्न झालं का. देशाबाहेर गेलात का. तिसरा प्रश्न त्यानं उभ्यानंच चार वेळा वाचला: वाहतुकीच्या नियमांसह कुठलाही नियम मोडल्याबद्दल तुम्हाला पकडलं, कागद दिला, दंड केला का, किंवा जाणूनबुजून असा एखादा गुन्हा केला का, ज्यासाठी अटक झाली नाही.

त्या दिवशी तो कामावर तीन वेळा चुकीच्या मजल्यावर उतरला. दुपारी पार्किंगमध्ये उभं राहून त्यानं राकेशला फोन केला.

"नो लिही," राकेश म्हणाला. "सगळे नोच लिहितात. मी नो लिहिलं. माझी तर दोन तिकिटं होती बे!"

"तू खोटं लिहिलंस?"

"मी घाईत लिहिलं."

"वॉर्निंगचं ठीक आहे. पण 'जाणूनबुजून' आहे ना पुढं."

"तू डिटेक्टर लावला म्हणून देश बुडाला काय? हौ, मी विचारतो, बुडाला काय?"

"पोलिसाला खोटं सांगितलं."

"तू नाही सांगितलं."

ईश्वरनं फोन दुसऱ्या कानाला लावला. पलीकडं राकेश खुर्चीतून कण्हत उठला. मग म्हणाला, "गुडघ्याचं ऑपरेशन केलं असतं तर गाडी विकावी नसती लागली. साला."

संघमित्राचं मत निराळं नव्हतं, पण तिनं ते वेगळ्या वाटेनं मांडलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी ओळखीच्या लतिकाताईंच्या बेसमेंटमध्ये बुद्धवंदना असते. पंचशील म्हणताना ईश्वरचा आवाज सगळ्यांत पुढं असतो. "खोटं न बोलायचं चौथं शील म्हणताना तुझा चेहरा बघते मी," ती भांडी लावता लावता म्हणाली. "तू नो लिहून आलास तर दर महिन्याला तोच चेहरा मला बघावा लागेल. आणि यस लिहिलंस आणि ती जागा गेली, तर रोज बघावा लागेल. तू ठरव."

ईश्वरनं पाठवलेल्या प्रश्नाला हर्नडनच्या वकीलबाई प्रीता यांचं उत्तर मंगळवारी दुपारी चार वीसला आलं. दोन ओळी होत्या. सगळं सांगा. शपथ पुढं ढकलली जाऊ शकते, किती ते सांगता येत नाही.

मंगळवारी संध्याकाळी ईश्वरनं जेवणाच्या टेबलावर बसून एक पान टाइप केलं आणि छापलं. तारीख, वेळ, वेग. डिटेक्टर चालू स्थितीत पुलापलीकडं नेला, ही माझी चूक. अधिकाऱ्यानं विचारल्यावर मी नाही म्हणालो.

नैनानं पान उचलून वाचलं. "पण तू नाही म्हणाला नाहीस. मी म्हणाले."

"गाडी माझी. डिटेक्टर माझा."

"तोंड माझं होतं." तिनं पान खाली ठेवलं. "तू खोटं कबूल करायला अजून एक खोटं लिहितोयस. बाबा, डू यू हिअर युवरसेल्फ?"

"तुझं नाव मी कुठल्याही सरकारी कागदावर लिहिणार नाही."

"मी सिटिझन आहे. मला कोण काय करणार?"

"म्हणूनच तुला कळत नाही," तो म्हणाला. इतक्या मोठ्यानं म्हणाला की स्वयंपाकघरातली भांडी थांबली.

नैना वर निघून गेली. ईश्वर त्या एका वाक्यावर दीड तास बसला. 'मी' काढलं. 'माझ्या मुलीनं' घातलं, तेही काढलं. शेवटी जे उरलं ते असं होतं: अधिकाऱ्यानं विचारलं. नाही असं उत्तर देण्यात आलं. ते उत्तर खरं नव्हतं. यात खोटं काही नव्हतं. पान त्यानं फोल्डरमध्ये ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं.

बुधवारी तिघं ग्रे सेडाननं गेले. आठ वाजून दहा मिनिटांनी रांग लागली होती. इथिओपियाचं एक जोडपं, दोन फिलिपिनो नर्स, कडक इस्त्रीच्या सुटातला एक म्हातारा. घरच्यांना काचेपलीकडं बसवत होते. संघमित्रानं निळी साडी नेसली होती. नैनानं वूस्टरहून आणलेला काळा ड्रेस घातला होता आणि हातात फोन उलटा धरला होता.

आठ एक्कावन्नला ईश्वरची पाळी आली. टेबलामागची बाई पन्नाशीची, चष्मा साखळीला लावलेली, आवाजानं प्रेमळ. तिनं आधी त्याचं ग्रीन कार्ड घेतलं, शेजारच्या ट्रेमध्ये इतरांच्या कार्डांवर ठेवलं. मग पत्र उलटं केलं. तिसऱ्या प्रश्नापाशी 'हो'वर खूण होती. तिचं बोट थांबलं.

ईश्वरनं फोल्डरमधून पान काढून दिलं.

तिनं ते एकदा वाचलं. चष्मा खाली केला, पुन्हा वाचलं. ट्रेमधलं सगळ्यांत वरचं कार्ड उचलून ते पानावर ठेवलं आणि दोन्ही आपल्याकडं ओढून घेतलं. रांगेत मागं उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला तिनं हातानंच शेजारच्या टेबलाकडं जायला सांगितलं.

"उत्तर देण्यात आलं," ती शांतपणे म्हणाली. "कोणी दिलं?"

काचेपलीकडं नैना उभी राहिली होती. ऐकू येणं शक्य नव्हतं, पण ती उभी राहिली होती, आणि संघमित्रानं तिचं मनगट धरलं होतं.

हॉलमध्ये कुणीतरी माइक तपासत होतं. भिंतीवरच्या घड्याळात नऊला चार मिनिटं कमी होती. बाई पेन हातात घेऊन थांबली होती, आणि ईश्वरनं अजून उत्तर दिलं नव्हतं.