सातव्या सेलचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना बोर्ड आहे. शाळेतला फळा समजू नका. मी तुमच्या तळहातापेक्षा थोडा मोठा, हिरवा, तांब्याच्या बारीक रेघांनी भरलेला इलेक्ट्रॉनिक बोर्ड. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्याच्या टेस्टिंग रूममध्ये मी असतो. माझा एक कोपरा काळवंडलेला आहे. तो कसा काळवंडला हे सांगायची मला लाज वाटते, पण सांगतो.

आधी माझं काम ऐका. लिथियम बॅटरीच्या पोटात बरेच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. त्यातला एखादा प्रमाणाबाहेर भरला तर तो तापतो, फुगतो, कधी पेटतोसुद्धा. म्हणून प्रत्येक सेलवर वेगळी नजर ठेवावी लागते. दहा सेलांच्या अकरा तारा माझ्या कडेच्या स्क्रूंमध्ये बसवतात आणि मी एकेका सेलचा व्होल्टेज मोजून लॅपटॉपवर दाखवतो. मी स्वतः कुठल्या गाडीत जात नाही. गाडीत जाणारी बॅटरी आधी माझ्यावर तपासतात.

मला इथे आणलं ते नीरजाने. ती ठाण्याच्या वर्तकनगरची, नवीनच लागलेली इंजिनिअर. दिव्यांगांच्या तीनचाकी गाडीसाठी कारखान्याला बॅटरी बनवायची होती आणि ती तपासायचं काम तिच्याकडे होतं. तिने मला चंदेरी पिशवीतून अलगद बाहेर काढलं, माझं माहितीपुस्तक दोनदा वाचलं आणि कामाला लागली.

माझ्यावर सरावाची एक सोय आहे. खरे सेल नसले तरी मला चालवून बघता यावं म्हणून दहा छोटे रेझिस्टर बसवले आहेत. काळ्या टोप्यांसारखे दहा जंपर लावले की ते रेझिस्टर सेलांची जागा घेतात आणि वीज आपसात सारखी वाटून घेतात. नीरजाने जंपर लावले, वीज सोडली आणि लॅपटॉपवर दहा सारख्या पट्ट्या उभ्या राहिल्या. कारखान्याचे मालक सलिलसर पाहुण्यांना घेऊन आत आले होते.

"बघा, कसा परफेक्ट रीडिंग देतो," ते म्हणाले. मी फुशारून गेलो. नकली सेलांचे आकडे दाखवले होते, त्यात माझी काय करामत होती? पण कौतुक कुणाला नको असतं?

पुस्तकात लिहिलं होतं की खरे सेल जोडण्याआधी जंपर काढा. नीरजा काढणारच होती. तेवढ्यात सरांनी तिला पाहुण्यांबरोबर बोलावलं. ती परत आली तेव्हा जंपर काढल्याचं तिच्या मनाने धरूनच टाकलं होतं.

"सहदेवकाका, तारा जोडून टाका ना, प्लीज," ती म्हणाली.

सहदेव कळव्याचा, कारखान्यातला जुना वायरमन. तेवीस वर्षं त्याने वायरिंगच केलं होतं. खालच्या तारेपासून सुरुवात करून त्याने एकेक तार क्रमाने बसवली. सातव्या आणि आठव्या सेलच्या मधल्या तारेचा स्क्रू मात्र पूर्ण आवळला गेला नाही. ती तार मला टेकलीच नव्हती.

आता नीट ऐका, कारण माझा गुन्हा इथे आहे. जंपर नसते तर ती तार सुटल्यावर मी वेडेवाकडे आकडे दाखवले असते आणि कुणाच्याही ते लक्षात आलं असतं. पण जंपर होते. मी सातव्या आणि आठव्याचा व्होल्टेज एकत्र धरला आणि दोघांना निम्मा-निम्मा वाटून दाखवला. सातवा सेल कमजोर होता. चार्जिंगला लावला की तो इतरांच्या आधी भरायचा आणि मर्यादेच्या वर जायचा. आठवा मागे असायचा. लॅपटॉपवर मात्र दोघंही शहाण्यासारखे शेजारी शेजारी उभे.

तिसऱ्या दिवशी सहदेवने सेलांवरून बोटं फिरवली आणि तो थांबला.

"मॅडम, हा सातवा जरा गरम लागतोय."

नीरजाने स्क्रीन पाहिला. "काका, रीडिंग तर नॉर्मल आहे."

"असेल. पण हाताला लागतंय."

सलिलसर दारातच उभे होते. "अरे सहदेव, एवढा बोर्ड आणलाय कशाला मग? हाताने बॅटऱ्या टेस्ट करायचे दिवस गेले आता."

सहदेवने हात मागे घेतला. ते मला आजही आठवतं. मी त्याच वेळी हिरवा दिवा लुकलुकवत होतो.

चौथ्या दिवशी दुपारी सातवा सेल फुगला. फट्ट असा आवाज झाला, पांढरा धूर सुटला आणि त्या झळीने माझा कोपरा काळवंडला. नीरजाने मेन स्विच बंद केला. सहदेवने हातमोजे शोधले नाहीत. त्याने बॅटरी उचलली, माझ्या तारा ओढल्या गेल्या, तुटल्या, आणि ती त्याने मागच्या दारातल्या वाळूच्या पेटीत नेऊन टाकली. टेस्टिंग रूम वाचली. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं भाजली.

दुसऱ्या दिवशी सलिलसरांनी माझे आकडे काढून बघितले. "बोर्डवर सगळं नॉर्मल आहे. म्हणजे गडबड जोडणीत. सेल आवळताना दाबला असेल सहदेवने." चौकशी होईपर्यंत सहदेवने घरीच थांबावं असा निरोप गेला. तेवीस वर्षं वायरिंग केलेल्या माणसाविरुद्ध साक्षीदार कोण, तर मी.

पुढचे दोन दिवस नीरजाला चैन पडेना. ती चार दिवसांचे आकडे पुन्हा पुन्हा खाली-वर करत बसली. सातवा आणि आठवा, शेवटच्या आकड्यापर्यंत एकसारखे. चारही दिवस. खरे सेल इतके सारखे कधी नसतात. तिने मला उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. दहाही जंपर जागच्या जागी होते आणि सातव्या-आठव्याच्या मधल्या तारेचा स्क्रू सैल होता.

जंपर काढून खिशात टाकले असते तर कुणाला काही कळलं नसतं. तिचा हात एकदा त्यांच्याकडे गेलासुद्धा. मग तिने माझा फोटो काढला, मला तसंच उचललं आणि सरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, जंपर काढायचे मी विसरले. बोर्डचे आकडे खोटे होते. सहदेवकाका बरोबर होते."

सर फोटोकडे बघत राहिले. "मीच गप्प केलं त्याला," ते हळूच म्हणाले.

त्या संध्याकाळी नीरजा घरी न जाता कळव्याला उतरली. मी तिच्या पिशवीत होतो. सहदेवच्या बायकोने, नंदाने, दार उघडलं. तो पलंगावर बसला होता, हाताला पांढरं बँडेज. नीरजाने मला त्याच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. सांगताना ती त्याच्याकडे बघू शकत नव्हती.

सहदेव डाव्या हाताने एकेक जंपर चाचपत राहिला.

"मॅडम, मला वाटायला लागलेलं की माझाच हात चुकला," तो म्हणाला. "बोर्ड नॉर्मल सांगतोय, सर सांगतायत. तीन दिवस तेच डोक्यात. हिला पण म्हटलं, आता माझं वय झालं, काम सोडतो."

नंदाने चहाचा कप टेबलावर ठेवला. "रात्री नीट जेवले पण नाहीत हे," ती नीरजाला म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

"काका, सॉरी."

"आणि ती मधली वायर," सहदेव म्हणाला, "ती मी ओढून बघायला पाहिजे होती. ते माझंच."

मित्रांनो, त्या खोलीत दोन माणसं आपापली चूक कबूल करत होती. तिसरा मी. मला तोंड नाही. मला कुणी विचारलं असतं, तरी मी पुन्हा तेच आकडे दाखवले असते.

महिनाभराने सहदेव कामावर आला. सलिलसर स्वतः दारापर्यंत गेले आणि सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. आता मला जोडताना नीरजा आधी जंपर काढते आणि दहाच्या दहा निघाले ना, हे मोजून बघते. सहदेव प्रत्येक तार ओढून बघतो, मग साध्या मीटरने एकेक सेल मोजून आकडा मोठ्याने सांगतो, आणि नीरजा तो माझ्या आकड्याशी ताडून बघते. तीनचाकीची बॅटरी तयार झाली. ती चांगली चालते आहे असं ऐकतो.

माझं कौतुक अजून होतं, नवे पाहुणे येतात तेव्हा. मला ते ऐकवत नाही. मुलांनो, यंत्र तुम्ही जसं जोडाल तसं बोलतं. म्हणून आम्हाला जपून जोडा आणि आमचा आकडा दुसऱ्या मापाने पडताळून बघा. आणि कामात मुरलेलं कुणी म्हणालं की काहीतरी बरोबर वाटत नाही, तर स्क्रीनकडे बोट दाखवून त्याला गप्प करू नका.

सहदेवची बोटं बरी झाली. पण त्या तीन बोटांना आता गरम-गार नीट कळत नाही. सेल तपासताना तो हात उलटा करतो आणि तळव्याची मागची बाजू टेकवून बघतो.